घरातले आजारपण आणि मुले



माझा विषय कळवला तेव्हा चालकांपैकी एका गृहस्थांनी मला हळूच विचारले, "मास्तर, वसंतात हा विषय जरा जड नाही का होणार?" त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. दिवसभराच्या उन्हानंतर संध्याकाळी चार घटका काही बरे ऐकावे म्हणून आपण येथे येता. परंतु आजारपण काही ऋतू पाहून येत नाही. आणि ते ज्या घरात येते, त्या घरातली लहान मुले आपले गाऱ्हाणे सांगायला व्याख्यानमालेत येऊ शकत नाहीत. त्यांच्या वतीने कोणीतरी बोलावे, म्हणून मी हा विषय घेतला. मी डॉक्टर नव्हे, मानसशास्त्राचा पंडित तर मुळीच नव्हे. पस्तीस वर्षे शाळामास्तरकी केली, आणि त्यापूर्वी एक काळ असा होता की मी स्वतःच तशा एका घरातले मूल होतो. माझा अधिकार असलाच तर एवढाच.

१९५७ सालची गोष्ट. मी आठ वर्षांचा होतो, तिसरीत. दसरा होऊन पाचसहा दिवस झाले असतील. सकाळी उठलो तो आई घरात नाही, चुलीपुढे आजी बसलेली. विचारले तर म्हणाली, "आजोळी गेली आहे. तुझ्या मामाला बरे नाही." धाकटी बहीण तीन वर्षांची, ती रडू लागली, तेव्हा तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला गेला. मी रडलो नाही, त्यामुळे मला काही मिळाले नाही. "मोठे समजूतदार पोर आहे हो," असे आजी शेजारणीला म्हणाली, ते मात्र मी ऐकले.

आई आजोळी गेली नव्हती. तिला क्षय झाला होता, आणि पहाटेच्या गाडीने वडील तिला दूरच्या एका आरोग्यधामात घेऊन गेले होते. पंधरा दिवसांनी महिन्याने तिचे कार्ड येई. काका ते मोठ्याने वाचून दाखवीत : मामाचा ताप उतरला, मामाचे वजन वाढले, आई लवकरच परत येईल. एके दिवशी ते कार्ड मला फडताळात सापडले. मला त्या वयात टपालाचे शिक्के वाचण्याचा नाद होता, म्हणून मजकुराच्या आधी माझी नजर शिक्क्यावर गेली. शिक्क्यावरचे गाव आजोळचे नव्हते. मग मजकूर वाचला. "माझा ताप उतरला आहे. वजन दोन रत्तल वाढले. मुलांना जपा." मामाचे त्यात नावही नव्हते.

मी कार्ड होते तसे ठेवून दिले आणि कोणाला काही बोललो नाही. पुढच्या कार्डाच्या वेळी काका मामाची खुशाली वाचू लागले, तेव्हा मी इतरांसारखीच मान डोलावली. घरातली मोठी माणसे माझ्यापासून लपवीत होती, आणि मला कळले आहे हे मी त्यांच्यापासून लपवीत होतो. असे पंधरा महिने चालले.

१९५९ च्या संक्रांतीला आई परत आली. अंगाने भरली होती, पण मला ती परकी वाटली. मी आजीच्या मागे उभा राहिलो. आईने तिळगूळ पुढे केला, तेव्हा मी आधी आजीकडे पाहिले. घ्यावा की नाही, हे मला आजीने मान हलवून सांगावे लागले. आईने ते पाहिले. त्यावर ती त्या वेळी काही बोलली नाही, आणि पुढेही कधी बोलली नाही.

आता आमच्या घरची माणसे दुष्ट होती असे आपण म्हणाल काय? मी तर म्हणणार नाही. त्या काळी क्षयाचे नाव घेण्याची चोरी होती. 'छातीचा आजार', 'बारीक ताप' अशा शब्दांआड तो ठेवला जाई. घरात क्षय आहे असे कळले की मुलींची लग्ने अडत. मुलांच्या तोंडाला कुलूप नसते. शाळेत, नदीवर, कोठेही ती बोलून जातील, हे भय आजीला होते. तेव्हा आमच्यापासून जे लपवले ते काही केवळ आमच्या कोवळ्या मनाला जपण्यासाठी लपवले नव्हते. त्यात घराच्या अब्रूचाही वाटा होता. आजही जेव्हा कोणी मला म्हणते, "मुलांना कशाला सांगायचे? बिचारी घाबरतील," तेव्हा घाबरणार आहे ते मूल की आपण, असा प्रश्न माझ्या मनात येतो.

आई आरोग्यधामात होती त्याच सुमारास मद्रासेत एक मोठा प्रयोग चालू होता, हे मला फार उशिरा वाचायला मिळाले. भारत सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या सहकार्याने १९५६ मध्ये तेथे क्षयाच्या औषधोपचाराचे एक केंद्र निघाले. डॉक्टर वॉलेस फॉक्स हे त्यातले प्रमुख संशोधक. त्यांनी १९३ रुग्ण घेतले, सारे शहरातले गरीब लोक. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने त्यांचे दोन भाग पाडले; काहींना आरोग्यधामात ठेवले, काहींना घरीच औषध दिले. आरोग्यधामात विश्रांती होती, चांगले अन्न होते. घरी एकाच खोलीत सारे कुटुंब, आणि पोटाला जेमतेम. निष्कर्ष १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभराच्या औषधांनी दोन्हीकडचे रुग्ण जवळजवळ सारखेच सुधारले. इतकेच नव्हे, तर रुग्ण घरी राहिल्यामुळे घरातल्या माणसांना रोग होण्याचा धोका काही अधिक वाढला असेही आढळले नाही. कारण घरच्यांना लागण व्हायची ती बहुतेक औषध सुरू होण्यापूर्वीच होऊन गेलेली असते. या एका निष्कर्षाने जगातल्या आरोग्यधामांचे दिवस भरले. वैद्यकाच्या इतिहासात ही गोष्ट औषधांच्या संदर्भात सांगितली जाते. मला मात्र त्या मद्रासेतल्या खोल्यांतली मुले दिसतात. त्यांची आई त्यांच्या डोळ्यांसमोर खोकत होती, गोळ्या घेत होती आणि हळूहळू बरी होत होती. तिच्या हातचा तिळगूळ घ्यावा की नाही, हे त्यांना कोणाला विचारावे लागले नसेल.

आज साध्या क्षयाला सहा महिन्यांचे औषध पुरते. औषध नेमाने सुरू झाले की काही आठवड्यांत रोग्यापासून पसरण्याचा धोका झपाट्याने कमी होतो. आणि हा रोग पसरतो तो हवेतून, ताटवाटीतून नव्हे. घरात पाच वर्षांखालचे मूल असेल तर त्याला प्रतिबंधक औषध देण्याची सोय सरकारी कार्यक्रमात आहे; तपासणी करून ते अवश्य घ्यावे. तरीही आजच्या घरांतून मी आईचे ताट वेगळे घासून वेगळे मांडलेले पाहिले आहे. ताट वेगळे का, हे मुलाला कोणी सांगत नाही. ते आपल्या बुद्धीने अर्थ लावते.

हे 'आपल्या बुद्धीने' फार महत्त्वाचे आहे. मारिया नागी या बाईंनी हंगेरीत, बुडापेस्ट आणि आसपासच्या तीन ते दहा वर्षांच्या मुलांशी मृत्यूविषयी बोलून एक अभ्यास केला आणि तो १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना असे दिसले की पाच वर्षांच्या आतल्या मुलाला मरण म्हणजे दूर जाणे किंवा झोपणे वाटते, आणि गेलेला माणूस परत येईल असे ते धरून चालते. त्यानंतरच्या वयात मृत्यू हा जणू कोणी माणूस आहे अशी कल्पना पुष्कळांची असते. तो सर्वांना येतो आणि त्यातून परत येणे नाही, ही जाण नवव्या वर्षाच्या आसपास येते. पुढच्या संशोधकांनी या वयांच्या सीमा इकडेतिकडे केल्या आहेत. परंतु लहान मूल शब्द अक्षरशः घेते, हे आपल्यापैकी कोणत्याही आजीला ठाऊक आहे. आणि आपण शब्द कोणते वापरतो? 'देवाघरी गेले', 'गावाला गेले', 'झोपले', 'चांदणी झाली'. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या घरी आजोबांविषयी 'झोपेतच गेले' असे सगळे म्हणत. त्याच्या धाकट्या भावाने पुढे महिनाभर रात्री डोळा मिटायचे नाकारले. घरच्यांना वाटले, पोर हट्टी झाले आहे. 'देवाघरी'चा प्रकार असाच. ज्या देवाने आपली आई नेली, त्याच्यापुढे संध्याकाळी हात जोडायला सांगितले तर मुलाने काय समजावे? श्रद्धा असावी की नसावी हा येथे प्रश्न नाही. आधी साधे, खरे वाक्य सांगावे. श्रद्धेचे बोल त्यानंतर सांगितले तर ते मुलाला आधार देतात. खऱ्या वाक्याच्या जागी ते वापरले की घोटाळा होतो.

आजारपणात मुलाच्या मनात काय चालते याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. माझ्या अनुभवाने त्याच्या मनात तीन प्रश्न असतात, आणि तिन्ही ते विचारीत नाही : हे माझ्यामुळे झाले का, हे मलाही होईल का, आणि आता माझे कोण करणार?

पहिल्या प्रश्नाविषयी मला अधिकाराने बोलता येईल. आई गेली त्याच्या आधीच्या आषाढात नदीला पूर आला होता. मी घरी न सांगता पूर पाहायला गेलो. आई भर पावसात मला शोधत घाटापर्यंत आली, चिंब भिजली, आणि मला हाताला धरून घरी घेऊन गेली. वाटेत ती खोकत होती. पुढे ती नाहीशी झाली तेव्हा माझा हिशेब पक्का झाला : मी पूर पाहायला गेलो, म्हणून आई भिजली, भिजली म्हणून आजारी पडली, आणि मी केले म्हणूनच मला कोणी काही सांगत नाही. पाहा, घरातल्या मौनाचा मी कसा अर्थ लावला! ते मला जपण्यासाठी होते, आणि मला ती शिक्षा वाटली. क्षयाला जंतू कारण असतो, रॉबर्ट कॉखने तो १८८२ मध्येच दाखवून दिला होता, हे मी पुढे स्वतः मुलांना शिकवले. तरी पोटातली ती गाठ सुटली नाही. १९७४ साली मला मुलगा झाला. त्याच्या बारशाच्या गडबडीत एका दुपारी आईजवळ मी हे प्रथम बोललो. ती आधी हसली. म्हणाली, "अरे, मला खोकला माघापासूनच होता. तुझ्या आजीला कळू नये म्हणून तोंडावर पदर धरायची." मी म्हणालो, "मग मला सांगितले का नाहीस?" ती म्हणाली, "तू विचारलेस कधी?"

सतरा वर्षांनी मिळालेले हे उत्तर मला आठव्या वर्षी मिळाले असते, तर एका वाक्याचे काम होते. म्हणून मी आजारी माणसाच्या घरी गेलो की मुलाच्या आईबापांना सांगतो : मुलाने विचारले नाही तरी सांगा, 'हे तुझ्यामुळे झालेले नाही.' ते हसेल, 'मला ठाऊक आहे' म्हणेल. तरीही सांगा.

आता माझ्या स्वतःच्या चुकीची कबुली देतो. इतके सारे भोगून मी शहाणा मास्तर झालो असेन, असे आपल्याला वाटेल. १९८० नंतरची गोष्ट. सातवीच्या वर्गात एक मुलगा पहिल्याच तासाला पेंगत असे. मी त्याला दोनदा बजावले आणि तिसऱ्यांदा वर्गाबाहेर उभे केले. तो काही बोलला नाही. दिवाळीनंतर कळले की त्याच्या वडिलांना पोटाचा कर्करोग होता. रात्री ते कण्हत, आणि आई थकून पडली की हा मुलगा उठून त्यांना पाणी देई, पाठ चोळी. मी त्याला 'का रे झोप येते?' एवढे विचारले नव्हते. वर्गातले हुशार मूल एकाएकी गप्प होते, शांत मूल मारामारी करू लागते, कोणाच्या पोटात रोज दहा वाजताच दुखते. अशा वेळी छडी उचलण्यापूर्वी घरी कोण आजारी आहे हे पाहावे. (छडी आता गेली, हे फार चांगले झाले, परंतु टोमणे शिल्लक आहेत.) घरच्या माणसांनीही शाळेला कळवावे. वर्गशिक्षकाला दोन ओळींची चिठ्ठी दिली तर अब्रू जात नाही.

त्या मुलाला वडील वारल्यावर भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणत होता, "आता तूच घरातला कर्ता." बारा वर्षांचे पोर! आपण हे वाक्य धीर देण्यासाठी म्हणतो, आणि ओझे देऊन येतो. मुलींच्या बाबतीत तर असे वाक्यही लागत नाही. आई आजारी पडली की थोरली मुलगी आपोआप ओट्याशी उभी राहते. पाव्हणेरावळे कौतुक करतात, "पोर गुणाची आहे, सगळे घर सांभाळते." त्या कौतुकात तिची शाळा कधी सुटली हे कोणाच्या ध्यानात येत नाही. पस्तीस वर्षांत माझ्या हजेरीपटावरून गळालेल्या मुलींमध्ये अशा गुणी पोरी किती होत्या, हे आठवले की मला वाईट वाटते. मुलांना काम द्यावेच. औषधाच्या वेळी पाण्याचा पेला आणणे, वर्तमानपत्र वाचून दाखवणे, आजोबांची काठी जवळ ठेवणे, अशा कामांनी मुलाला आपणही उपयोगी आहोत असे वाटते. परंतु रात्रीची जागरणे, औषधांचा हिशेब, आईचे रडणे ऐकून तिची समजूत घालणे, ही मोठ्यांची कामे आहेत. मोठे कमी पडले तर मावशी, आत्या, शेजारी यांना हाक मारावी. शेजाऱ्याने 'काही लागले तर सांगा' असे म्हणून निघून जाऊ नये. त्याने 'रोज चार वाजता तुमचा बंड्या माझ्याकडे अभ्यासाला बसेल' असे सांगावे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आजाराचे नाव घ्यावे लागते. हल्ली क्षयाची जागा कर्करोगाने घेतली आहे. त्याचेही नाव न घेता 'गाठ आहे', 'मोठा आजार आहे' असे म्हणतात. मग मुलाला साधा ताप आला, मानेला गाठ लागली, तरी त्याच्या मनात भूत उभे राहते. 'आईला कर्करोग झाला आहे. तो खोकल्यासारखा एकाचा दुसऱ्याला होत नाही. तू तिच्याजवळ झोपलास तरी चालेल,' एवढे सांगितले की पुष्कळ काम होते. मात्र काही औषधांच्या दिवसांत रोग्याची प्रतिकारशक्ती कमी असते, तेव्हा सर्दी झालेल्या मुलाला थोडे दूर राहावे लागते. तेही कारणासकट सांगावे, नाहीतर त्याला वाटते, आपण नकोसे झालो.

एका शेजाऱ्यासोबत मी काही वर्षांपूर्वी मुंबईला गेलो होतो. परळला टाटा रुग्णालय आहे, १९४१ साली सुरू झालेले. देशभरातून रोगी तेथे येतात. दादरला गाडगे महाराजांच्या मिशनची धर्मशाळा आहे, तिचा या लोकांना मोठा आधार. तेथे संध्याकाळी मुले बसलेली पाहिली. कोणाची आई आजारी, कोणाचा बाप, कोणी स्वतःच रोगी. एकीकडे पाढे चालले होते, एकीकडे पत्ते. आठनऊ वर्षांची मुलगी दुसरीला सांगत होती, "माझ्या पप्पांचा काउंट कमी आहे, म्हणून किमो पुढे ढकलला." आमच्या गावात सुशिक्षित घरांतही जो शब्द कुजबुजून उच्चारतात, तो ही पोर सहज बोलत होती. तेथे दुःख कमी होते असे नव्हे. परंतु कोणी कोणापासून लपवीत नव्हते, आणि त्यामुळे मुलांना खेळता येत होते.

माझ्या शेजाऱ्याच्या पत्नीला स्तनाचा कर्करोग होता. मुलगी सात वर्षांची. तिला कसे सांगावे, म्हणून तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. मी म्हणालो, "औषध सुरू झाल्यावर दोनतीन आठवड्यांत केस जातील. ते जाण्यापूर्वी सांग. गेल्यावर सांगितलेस तर ती पुढे तुझे काहीच खरे धरणार नाही." त्याने सांगितले. मुलीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग माझी वेणी कोण घालणार?" त्याला ते लागले. मला म्हणाला, "आईची काळजी नाही, हिला वेणीची पडली आहे!" मी म्हटले, "बाबा रे, ती आईविषयीच विचारते आहे. तिचा तिसरा प्रश्न तिने तोंडाने विचारला, हे तुझे नशीब समज. वेणी घालायला शीक." तो शिकला. कारखान्यात यंत्रावर काम करणारा माणूस, सकाळी सहाला उठून मुलीच्या वेण्या घालू लागला.

आणखी काही दिवसांनी तिने विचारले, "आई मरणार का?" या प्रश्नाला आपण सारे भितो. 'असे बोलू नये' म्हणून गप्प करतो, किंवा 'छे, अगदी बरी होणार' असे वचन देऊन बसतो, जे आपल्या हाती नसते. तो म्हणाला, "ती बरी व्हावी म्हणून डॉक्टर औषध देत आहेत. आज ती मरणार नाही. औषधाचा उपयोग होत नाही असे कळले तर मी ते तुझ्यापासून लपवणार नाही." मुलगी बाहेर खेळायला गेली. तिला एवढेच हवे होते.

हे वचन त्याला पाळावे लागले. दोन वर्षांनी औषध चालेनासे झाले. अशा वेळी वेदना कमी करून रोग्याचे शेवटचे दिवस सुसह्य करणारी शुश्रूषा आता एक स्वतंत्र शास्त्र झाली आहे. मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून आणि पुण्यात वारज्याला सिप्लाचे केंद्र १९९७ पासून हे काम करीत आहे, आणि रोग्याबरोबर त्याच्या कुटुंबाकडे पाहणे हा त्या शास्त्राचा भागच मानतात. आमच्या शेजारणीला मात्र घरीच राहायचे होते. नवऱ्याने मुलीला जवळ बसवून सांगितले, "औषधाचा आता उपयोग होत नाही. आई थोडे दिवस आपल्याबरोबर आहे." तिने विचारले, "सोमवारी शाळेत जाऊ का?" तो म्हणाला, "जा. काही वाटले तर बाई तुला लगेच घरी पाठवतील." बाईंना सांगून ठेवले होते. ती सोमवारी गेली, मंगळवारीही गेली. बुधवारी आपण होऊन घरी राहिली आणि आईच्या खाटेवर पाय वर घेऊन बसली. गुरुवारी पहाटे आई गेली, तेव्हा ती घरातच होती. तिला कोणाच्या घरी पाठवले नाही. नातेवाइकांपैकी काहींना ते आवडले नाही.

ती मुलगी आता कॉलेजात आहे. या व्याख्यानात तिची हकिगत सांगू का, म्हणून मी परवा तिला विचारायला गेलो होतो. म्हणाली, "सांगा की, काका. पण नाव नका घेऊ. आणि बाबांच्या हातून माझा भांग रोज वाकडा पडायचा, तेही सांगा."

ते सांगितले.